फोटोखालची तारीख

आमच्या साप्ताहिकाचं तिसरं पान माझ्याकडे होतं. त्या पानावर फक्त गेलेली माणसं असत. पहिल्या पानावर नगरपालिकेचं राजकारण, दुसऱ्यावर पाणीटंचाई, चौथ्यावर वाढदिवस, दहावीचे निकाल आणि नव्या इमारतींच्या जाहिराती. मधलं तिसरं पान पुण्यस्मरणाचं. नव्वदच्या दशकात वसईत आमचा अंक हातात पडला की जुनी माणसं तेच पान आधी उघडायची. ओळखीचं कोणी दिसलं तर थांबायची, नाही दिसलं तर थोडी निराश झाल्यासारखी पान उलटायची.

मी मूळचा वाडा तालुक्यातला. वडील भातगिरणीत पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते जमलं ते शाळेतल्या मराठीच्या बाईंमुळे. त्यांनी मला पुस्तकं दिली, जेवायला घातलं, आणि मराठी घेऊन बी.ए. करायला लावलं. त्या पदवीचं पुढे काय करायचं हे मात्र त्यांनाही माहीत नसावं. नालासोपाऱ्याला मामाच्या खोलीत राहून मी नोकरी शोधत होतो, तेव्हा वसईतल्या या छापखान्याच्या मालकांनी मला ठेवून घेतलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ते मला शेवटपर्यंत 'बीए' म्हणाले.

"तुला शब्द येतात ना, बीए? मग हे पान घे," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "इथे बातमी एकच असते. दर वेळी वेगळ्या शब्दांत द्यायची, एवढंच काम."

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटेल. गेलेल्याचे नातेवाईक येतात, फोटो देतात, आपण चौकटीत नाव टाकतो. पण येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना काय लिहायचं हे ठाऊक नसतं. ते खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "तुम्हीच लिहा काहीतरी चांगलं." मग आपण विचारायचं. काय करायचे? कशाची आवड होती? बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं काही खास नाही. साधा माणूस होता." त्या साध्या माणसासाठी मी चार ओळी जुळवायचो.

शब्दांच्याही जाती होत्या. नव्या इमारतींत राहणाऱ्या, मुंबईला नोकरीला जाणाऱ्या लोकांना 'स्मृतिदिन' आवडायचा. गावातल्या जुन्या घरांना 'पुण्यस्मरण' हवं असायचं, पहिल्या वर्षी 'प्रथम', पुढच्या वर्षी 'द्वितीय'. ख्रिस्ती कुटुंबं 'प्रेमळ स्मरणार्थ' म्हणत आणि त्याखाली चर्चमधल्या मिस्साची वेळ देत. 'आठवण' हा शब्द खालच्या कवितेत यायचा, मथळ्यात नाही. 'सय' मला फार आवडायचा, कॉलेजात कवितांमधून शिकलो होतो. तो शब्द इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मागितला नाही.

फोटोखाली दोन तारखा असत, जन्माची आणि मृत्यूची. म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नसायची. मग आम्ही एकच तारीख टाकायचो. जन्माची नसली तरी चालायचं. मृत्यूची तारीख नसलेली चौकट मी कधी केली नव्हती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नालासोपाऱ्याहून एक बाई दिरासोबत आल्या. नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. दीर सांगत होता, 'क्षणोक्षणी तुमची आठवण येते' असं काहीतरी टाका. तो पान खायला बाहेर गेला तशा त्या बाई खाली बघत म्हणाल्या, "सर, मला नाही येत हो आठवण. पंधरा वर्षं मार खाल्ला. तसं न लिहिता काही होईल का?" मी नुसतं 'पुण्यस्मरण' आणि नाव टाकलं. दीर प्रूफ बघून म्हणाला, "अगदी कोरडं वाटतं." मी सांगितलं, हल्ली असंच लिहितात. बाईंनी मान वर केली नाही, पण जाताना पदर खांद्यावर नीट घेतला.

वटारचे इनासकाका बायकोच्या कबरीवरच्या फरशीचा मजकूर लिहून घ्यायला आले. कोरीव कामवाला आमच्याकडून अक्षरं छापून नेत असे. इनासकाकांनी बायकोच्या नावाशेजारी स्वतःचंही नाव टाकायला लावलं. "पोरं सगळी बाहेर गेली, मास्तर. मागाहून कोण धावपळ करेल? फक्त तारखेची जागा सोड. तेवढी कोणीतरी कोरेल." पुढे ते गेले. पोरं आली, मिस्सा झाली, पोरं परत गेली. ती जागा अजून रिकामी आहे. फरशी वाचणाऱ्याला वाटेल, इनासकाका अजून वटारच्या वाडीत केळीला पाणी लावतायत.

हे सगळं सांगून मी ज्या घराकडे यायचं टाळतोय, ते घर खाडीकाठच्या एका गावातलं. भातशेती करणारं. दामूकाका, त्यांची बायको हिराकाकी आणि दोन मुलगे. थोरला रमाकांत, धाकटा विलास. रमाकांत सातिवलीच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. भात झोडणीच्या दिवसांत एका सकाळी तो डबा घेऊन कामावर गेला. कारखान्यात पोहोचला नाही आणि घरीही परतला नाही. भांडण नव्हतं, कोणाशी वाकडं नव्हतं. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाइकांची गावं पालथी घालून झाली. मग नवरा-बायको आमच्याकडे आले.

काकींनी पदराखालून एक मोठा फोटो काढला. चुलत बहिणीच्या लग्नातला, सगळं घर ओळीने उभं. रमाकांतचा एकट्याचा फोटो नव्हताच. तेव्हा आम्ही फोटोचा जस्ताचा ब्लॉक बनवून घ्यायचो. ब्लॉकवाल्याने ओळीतून रमाकांतचा चेहरा वेगळा काढला, पण त्याच्या खांद्यावर कोणाचीतरी चार बोटं राहिली. त्याने विचारलं, "ही खरवडून टाकू?"

"राहू दे," काकी म्हणाल्या. "भाव हाय त्याचा. इलासचा हात हाय तो."

मी नेहमीचा मजकूर लिहिला. 'रमाकांत, असशील तिथून घरी ये. आई आजारी आहे. कोणी काही बोलणार नाही.' त्यांना वाचून दाखवला.

"मी आजारी नाय," काकी म्हणाल्या.

"असंच लिहितात, काकी. म्हणजे माणूस लवकर येतो."

"आनि आला नि म्हनाला, आई, तू तं बरी हायेस, मग? खोट्यावर आनू काय त्याला?"

दामूकाका हळूच म्हणाले, "मास्तरला कळतंय ते. लिहू दे."

"मास्तरला कळतंय, पन पोर माझा हाय."

मी ती ओळ काढली. 'रमाकांत, घरी ये. आई' एवढंच छापलं. ती चौकट पहिल्या पानावर खाली गेली. तिचं कोणाकडूनही उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी झोडणीच्या दिवसांत काकी एकट्या आल्या. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, भाऊंसाठी. फोटोचा ब्लॉक आमच्याकडेच होता. मी सवयीने कागद ओढला आणि विचार करायला लागलो, मथळा काय द्यायचा. 'हरवला आहे' हे वर्षानंतर कसं लिहायचं? मी म्हणालो, "काकी, 'रमाकांतच्या स्मरणार्थ' असं..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पिशवी उचलली. जायलाच निघाल्या. मी उठून त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

"मास्तर, तू शिकलेला. तुला म्हाइत नाय? स्मरन मेल्याचं करतात. आठवन जित्याचीपन येते. माझी बहीन विरारला दिलीय, तिची नाय येत मला आठवन? ती काय मेली?"

मी 'आठवण' लिहिलं. आमच्या अंकात त्या शब्दाचा पहिला मथळा. खाली नाव, फोटो, 'घरी ये. आई'. फुलांच्या हाराची चौकट काढून टाकली, साधी रेघ मारली. प्रूफ बघून त्या खूश झाल्या आणि मग विचारलं, "ह्यो कुठल्या पानाव येल?"

"तिसऱ्या."

"तिथं समदी मेलेली असतात."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी भाऊंकडे गेलो. भाऊ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पहिल्या पानावर आता बातमी राहिली नाही त्याची. दुसऱ्यावर मी घरगुती काही घेत नाही. राहिलं चौथं. तिथे वाढदिवस असतात, बीए. लोक शुभेच्छा देतील त्या म्हातारीला."

"देऊ देत," मी म्हणालो.

आणि तसंच झालं. दर वर्षी झोडणीच्या दिवसांत रमाकांत चौथ्या पानावर यायचा, केक कापणाऱ्या पोरांच्या आणि नगरसेवकांच्या मधोमध, खांद्यावर चार बोटं घेऊन. एकदा बाजारात कोणीतरी दामूकाकांना विचारलं, "काय काका, थोरल्याचा वाढदिवस झाला वाटतं?" काका 'हो' म्हणाले आणि पुढे गेले. हे त्यांनीच मला सांगितलं. "काय सांगत बसू, मास्तर? हो म्हनलं की मानूस गप होतो."

वर्षं गेली. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम गेलं, संगणक आला. मीच तो शिकून घेतला. कंपोझिटर घरी बसले. दामूकाकांच्या गावाभोवती चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या, भाताची खाचरं भरावाखाली गेली, तरी त्यांचं एक शेत राहिलं होतं. भरावाचं पाणी त्यात शिरायचं. विलास मोठा झाला, सातिवलीतच एका गोदामात सुपरवायझर झाला. मुंबईच्या पोरांसारखं बोलायचा.

आमच्याकडे जुन्या घरांत एक रीत आहे. माणूस नाहीसा झाला आणि बारा वर्षांत त्याचा पत्ता लागला नाही, तर तो गेला असं धरतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. मग दहावं, बारावं, सगळं रीतसर. त्यानंतर तो माणूस दारात येऊन उभा राहिला तर तो मेलेलाच. त्याला घरात घ्यायचं झालं तर नव्याने जन्मल्याचे सगळे संस्कार करावे लागतात, बारशापासून.

रमाकांतला जाऊन बारा वर्षं होत आली, विलासच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि भाऊबंदांनी विषय काढला. थोरल्याचं असं लोंबकळत ठेवून धाकट्याचं लग्न कसं करायचं? गुरुजींनी दिवस काढून दिला. त्या वर्षी झोडणीच्या आधीच दामूकाका एकटे छापखान्यात आले.

"या टायमाला तिसऱ्या पानाव घ्या, मास्तर," ते म्हणाले. "त्याला वाट मिळू दे. आनि आमालापन."

मी विचारलं, "काकींना ठाऊक आहे?"

"तिला सांगून होनार हाय काय? छापून आलं की गावाला कळेल. गावाला कळलं की तिलापन मानावं लागेल."

मी चौकट केली. मथळा 'स्मृतिदिन'. खाली तारीख पाहिजे. काका म्हणाले, "निघाला तीच टाका." मी टाकली. प्रूफ काढून त्यांच्या हातात देत होतो तेव्हा काकी दारात उभ्या होत्या. कोणी सांगितलं होतं कोण जाणे. गाव लहान, आणि काका त्या दिवशी धुतलेला सदरा घालून बाहेर पडले होते.

त्यांनी प्रूफ घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. त्या ऐकून घेत होत्या. तारखेपाशी त्यांनी मला थांबवलं.

"ही कसली तारीख?"

"निघाला ती," काका म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी मी त्याला भाकरी दिली. सुकटीची चटनी दिली. उंबऱ्यात पाय ठेवून तो म्हनाला, आई, चटनी जास्त घाल. त्या दिवशी तो जिता होता. मी बघितला. तुमी त्या दिवशी मेला असं कसं लिवता?"

"अगं, रीत हाय."

"रीत असू दे. दुसरी तारीख दाखवा. कुठल्या दिवशी मेला ते सांगा. मी आत्ता कुंकू लावून पाटाव बसते तुमच्या विधीला."

 आवाज ऐकून भाऊ आतल्या खोलीतून बाहेर आले होते. मी शिकलेला होतो, आठवणीला पाच-सहा शब्द मला तोंडपाठ होते, आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. काकांनी प्रूफची घडी घालून खिशात ठेवली. विधी झाला नाही. त्या वर्षीही रमाकांत चौथ्या पानावरच आला.

विलासचं लग्न ठरलेल्या ठिकाणी झालं नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. लग्नाआधी एकदा तो छापखान्यात आला होता, पत्रिकेसाठी. मजकूर देता देता म्हणाला, "सर, आई रोज रात्री त्याचं ताट वाढून ठेवते. सकाळी ते कोंबड्यांना घालते. मी समोर बसून जेवतो ते तिला दिसत नाही. मी पण पळून गेलो असतो तर बरं झालं असतं. माझा पण फोटो आला असता पेपरात." हे तो हसत म्हणाला.

मग दामूकाका गेले. साधा ताप होता, अंगावर काढला. विलास आणि काकी दोघं श्रद्धांजलीचा मजकूर द्यायला आले. या चौकटीत सगळ्यात खाली एक ओळ असते, 'शोकाकुल', आणि त्यापुढे घरच्यांची नावं, वडिलकीच्या क्रमाने. काकींना ही ओळ चांगली ठाऊक होती.

"पहिलं नाव रमाकांतचं," त्या म्हणाल्या.

 विलास म्हणाला, "आई, अग्नी मी दिला."

"दिलास. पन थोरला तो हाय."

"लोक हसतील गं. गोदामात मला विचारतील, तुझा दादा पिंडाला आलेला का?"

"इचारू दे. तू सांग, त्याला कळलं नाय. कळलं असतं तं आला असता."

विलासने माझ्याकडे पाहिलं. बापाच्या जाण्याने आधीच खंगला होता. "लिहा, सर," तो म्हणाला. "मला दुसरं टाका. माझं कायम दुसरंच."

लोक हसलेच. गोदामात एक हमाल त्याला महिनाभर 'काय रे, दोन नंबर' म्हणत होता. पण खरं सांगायचं, ती ओळ जुळवताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्या या पानावर माणूस जिवंत आहे की मेला, हे शब्दांवर ठरत नाही. नाव चौकटीत वर फोटोखाली आहे की खाली शोकाकुलांत, यावर ठरतं. काकींना वाचता येत नव्हतं तरी हे बरोबर कळलं होतं. वरच्या जागेवरून त्या मुलाला वर्षानुवर्षं खाली ओढत होत्या.

काका गेल्यावर काकी झपाट्याने म्हाताऱ्या झाल्या. एका वर्षी त्या आल्या आणि संगणकाच्या पडद्यावर रमाकांतचा फोटो बघत बराच वेळ बसल्या. तो ब्लॉक कधीच मोडीत गेला होता, फोटो आता संगणकात होता.

"मास्तर, याला जुना नाय करता येत?"

"म्हणजे?"

"आता त्याचे केस पिकले असतील. दात पडला असेल एखादा. या फोटोवरून त्याला कोन वळखील? समोर आला तं मीच वळखीन की नाय."

मी म्हणालो, तसं करता येत नाही. त्यांनी मान हलवली.

"आनि खरं सांगू, आता त्याचं तोंडपन आठवत नाय. डोळे मिटले की ह्यो फोटोच दिसतो. दर वर्षी छापून छापून फोटोच राहिला. आवाज तं गेलाच. चटनी जास्त घाल म्हनाला, ते शब्द ठाऊक हायेत, पन कसा म्हनाला ते गेलं."

मी पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि म्हणाल्या, "छाप तरी. सवय हाय."

मी या धंद्यात असेपर्यंत शेकडो घरांना शब्द दिले. 'तुमच्या आठवणी चिरंतन राहतील' असं किती वेळा लिहिलं असेल. त्या दिवसानंतर ते वाक्य मी पुन्हा लिहिलं नाही. कोणी मागितलं तर दुसरं काहीतरी सुचवायचो.

पुढे साप्ताहिकाचे दिवस भरत आले. नाक्यानाक्यावर मोठे फलक लागायला लागले, त्यावर गेलेला माणूस खिडकीएवढा दिसायचा. चौकटीसाठी कोण येणार? भाऊंनी मुद्रितशोधक, वितरणवाला, सगळे कमी केले. मी आणि टाइप करणारी सुप्रिया, एवढेच राहिलो. पदवीचे उपकार मी विसरलो नाही. त्या पदवीमुळेच मला सावलीत बसून पोट भरता आलं, वडिलांना पोती उचलणं थांबवता आलं. पण शाळेतल्या त्या बाई भेटल्या असत्या तर त्यांना काय सांगितलं असतं, की शिकलेल्या शब्दांचं मी काय केलं, हे मला कळत नाही.

त्या वर्षी झोडणी होऊन गेली आणि काकी आल्या नाहीत. मी चौथ्या पानावर त्यांची जागा दोन अंक धरून ठेवली, मग सोडली. थोड्या दिवसांनी विलास आला. डोकं भादरलेलं. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेनंतर आणि बापाच्या चौकटीनंतर आता ही तिसरी वेळ होती. तो खुर्चीवर बसला आणि खिशातून आईचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"दादाचा तुमच्याकडे आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. शोकाकुलांत नाव पहिलं घ्यायचं ना?" मी विचारलं.

"नाही, सर. वरती. आईच्या बाजूला."

मी पेन खाली ठेवलं.

"आईच्या दिवसांतच त्याचंही उरकलं," तो म्हणाला. "गुरुजींना सांगितलं, आता करा. पळसाची पानं आणली. दर्भ आणला. मीच बांधला तो माणूस, सर. नीट बांधला. हात कसे करायचे ते गुरुजींनी दाखवलं. मग पेटवला." पुढे तो म्हणाला, "तिच्याशिवाय कोणाला पाहिजे होता तो? मला नको होता. मी त्याला घरात कसा ठेवू?"

हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही. रडलाही नाही. गोदामातला माल कुठे उतरवायचा हे सांगावं तसं सांगत होता.

सुप्रियाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी बसवले. आई सत्तरीची, मुलगा विशीतला. आजी-नातू वाटत होते. सुप्रियाला हे घर ठाऊक नव्हतं. पडद्यावर जवळ घेऊन तिने विचारलं, "यांच्या खांद्यावर कोणाची तरी बोटं आलीत. काढू? एका मिनिटात जातील."

विलास वाकला आणि पडद्याकडे पाहिलं. खांद्यावर ठेवलेली चार बोटं, नखं नीट कापलेली. लग्नाच्या दिवशी कापली असतील.

"राहू दे," तो म्हणाला. "माझीच आहेत."

मग मी मथळा लिहिला. 'पुण्यस्मरण'. हाराची चौकट दोघांभोवती एकच घेतली. शोकाकुलांत विलासचं नाव पहिलं आलं, कारण त्याच्याहून थोरलं आता कोणी उरलं नव्हतं. राहिल्या तारखा. काकींची होती. रमाकांतची जागा रिकामी होती. मला दामूकाकांचं ते घडी घातलेलं प्रूफ आठवलं. 'निघाला ती' म्हणावं, तर काकी दारात उभ्या असल्यासारखं वाटलं.

"विलास, त्याची तारीख?"

"आईचीच टाका," तो म्हणाला.

तो निघून गेला. संध्याकाळी सुप्रिया पान छापायला सोडण्याआधी शेवटचं वाचत होती. या चौकटीपाशी ती थांबली.

"सर, दोघांची तारीख एकच आहे. चुकून पडलीय का? की अपघात झाला होता?"

मी उठून पाहिलं. दोन फोटो, खाली दोन सारख्या तारखा.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. पान सोड."